मोगेन्सेनची जे ३९ खुर्ची: जुनी घेतली, रोज वापरली, काही विकल्या

आम्ही कोपनहेगनला राहतो. जेवणाच्या टेबलाभोवती जे ३९ खुर्च्या आहेत, सगळ्या जुन्या, सुट्ट्या सुट्ट्या गोळा केलेल्या. बरेच महिने रोज वापरून झाल्यावर आता लिहितोय, कारण इकडे नवीन आलेली आपली मंडळी हमखास विचारतात की जुनं डॅनिश फर्निचर घ्यावं का. घ्या, आणि सुरुवात ह्या खुर्चीपासून करा.

ही १९४७ ची, डॅनिश डिझायनर बोर्गे मोगेन्सेनची. तो तेव्हा एफडीबी म्हणजे इथल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाच्या फर्निचर विभागाचा प्रमुख होता, आणि साध्या नोकरदार घराला परवडेल असं चांगलं फर्निचर करायचं हेच त्याचं काम. म्हणून बीच ह्या झाडाचं लाकूड, सरळ पाय, पाठीला एकच रुंद वळवलेली फळी, आणि बसायला कागदी दोरीचं विणकाम. हो, कागदच, पीळ घालून सुतळीसारखा केलेला. त्याच काळातली वेग्नर ह्या दुसऱ्या डॅनिश डिझायनरची वाय खुर्ची जास्त प्रसिद्ध आहे आणि देखणीही आहे, पण रोजच्या जेवणाला मला हीच आवडते. वजनाला हलकी, एका हाताने उचलून झाडू मारता येतो, आणि पाठीची फळी अगदी बरोबर जागी टेकते. जेवण लांबलं, गप्पा रंगल्या तरी कोणी चुळबुळ करत नाही. दिवसभर लॅपटॉप घेऊन बसायला मात्र ही नको, ती तिचं कामच नाही.

आता आपल्या घरांसाठी महत्त्वाचं, हळद! दोरीवर वरण सांडलं की ओल्या फडक्याने लगेच टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, तरी पिवळा डाग राहतोच. खुर्ची खिडकीतल्या उन्हात ठेवली की तो हळूहळू फिका होतो, हा अनुभव आहे. ज्या खुर्च्यांना वार्निश नाही त्यांचं लाकूड इथे साबणाच्या पाण्याने पुसतात, आम्हीही तेच करतो, छान मऊ राहतं.

घेताना मी आधी खुर्ची उलटी करतो. सांधे डुगडुगतात का (जुना सरस सुटलेला असू शकतो, सांधा उघडून परत चिकटवता येतो, पण मग किंमत तशी हवी), बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसतोय का म्हणजे कीड, आणि पुढच्या काठावर दोरी तुटलीये का. विणकाम पूर्ण नव्याने करून घ्यायला कधीकधी खुर्चीइतकेच पैसे पडतात, त्यामुळे मळलेली पण घट्ट दोरी असलेली खुर्ची मी बिनधास्त घेतो. सँडिंग केलेली शक्यतो नाही घेत, कडा बोथट होतात आणि लाकडाचा वर्षानुवर्षांचा मधासारखा रंग जातो तो जातोच.

विकण्याचं म्हणाल तर सगळी गंमत सेटमध्ये आहे. डीबीएवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची इथली वेबसाइट) किंवा जुन्या सामानाच्या दुकानात सुटी खुर्ची स्वस्तात जाते कारण लोकांना चार किंवा सहा एकदम हव्या असतात, मग रंगाने जुळणाऱ्या चार जमवल्या की त्यांना भाव बरा मिळतो. मी एक सेट असा दिला. खालच्या बाजूचे फोटो टाकले, कुठली दोरी नवीन आहे ते स्पष्ट लिहिलं, आणि घेणाऱ्या बाईंनी घासाघीस केलीच नाही. ह्यात श्रीमंत कोणी होत नाही, कारण खुर्ची मुळात भरपूर बनली, फ्रेडेरिसिया कंपनी आजही नवीन बनवते. पण जुनी त्या नवीनच्या मानाने खूप कमीत येते, काही वर्षं वापरून साधारण तेवढ्यालाच जाते, आणि नवीन घेतलेल्या किती खुर्च्यांचं असं होतं सांगा?

जुन्या डॅनिश फर्निचरमध्ये रोझवुडच्या मागे लागणाऱ्यांनी एवढं बघा, ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या पहिल्या परिशिष्टात आहे, युरोपात विकायचं तर सर्टिफिकेट लागतं. विक्रेत्याकडे कागद नसेल तर पुढे तुम्हालाही विकणं अवघड जाईल. बीचला ही भानगड नाही.

आमच्या उरलेल्या खुर्च्या विकायच्या नाहीत असं घरात ठरलंय. सध्या मोगेन्सेनचंच टेबल शोधतोय, कुणाला बीचचं दिसलं तर कळवा.