आरएक्स १३५ वर २८ मिमीचा फ्लॅट-स्लाइड कार्ब: आठ महिने, दोन ऋतू

नोव्हेंबर ते जून. गाडी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १३५, कच्च्या रस्त्यासाठी बदललेली: पोर्टिंग (सिलिंडरच्या वाटा घासून मोकळ्या), एक्सपान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर), फोमचा एअर फिल्टर. ऑइल पंप काढलाय, तेल पेट्रोलमध्येच १:३०, म्हणजे लिटरला साधारण ३३ मिली. कार्ब, म्हणजे कार्बुरेटर, केहिनच्या पीडब्ल्यूके धर्तीचा, बिननावी. कार्बचे पैसे वसूल झाले. सोबत आलेल्या जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकांचे, नाही.

जेटवरचा आकडा म्हणजे या जातीत साधारण भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. संचातल्या १२५ मध्ये १.२५ मिमीची पिन सैल खेळत होती आणि १३० मध्ये तीच अडकत होती. उजेडासमोर धरल्यावर कारण दिसलं: १३० च्या भोकाच्या काठावर पितळेचा बारीक काटा राहिला होता. अशा जेटवर कितीही डोकं लावा, हिशेब जुळत नाही. चांगले जेट सुटे घ्या आणि भोकात तार कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, माप बिघडतं.

आता महत्त्वाचं. गाडी दबते किंवा मिसिंग करते म्हटलं की लोक आधी मेन जेट (फुल थ्रॉटलचा) बदलतात. तो सगळ्यात शेवटी. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल तर आधी हवेची गळती शोधा. आयडलवर इन्टेक रबराच्या कडेने थोडा कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला की चोर सापडला. तिथे नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील बघा. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) वाटते. गळती असताना जेट मोठा करणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर बदलणं.

मग फ्लोट, कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा. उंची १६ मिमी, बॉडी तिरकी धरून, फ्लोटची जीभ फ्लोट नीडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) जेमतेम टेकेल इतकीच. नीडलची स्प्रिंग दबली तर माप खोटं येतं.

स्लो जेट (आयडलचा) गरम इंजिनवर ठरवा. एअर स्क्रू फिरवून सगळ्यात चढा आयडल शोधा. तो एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये आला तर जेट बरोबर. एक फेरीच्या आत आला तर जेट मोठा हवा, अडीचच्या पुढे गेला तर लहान. या कार्बमध्ये स्क्रू बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, इथे बरेच जण उलटं धरतात. या गाडीला ४५ बसला. पाव ते पाऊण थ्रॉटल स्लाइडला लटकणाऱ्या दुसऱ्या, लांब नीडलच्या हातात. तिथे दबत असेल तर चोक थोडा ओढा: सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. क्लिप एक खाच खाली गेली की नीडल वर येते आणि रिच होतं.

मेन जेटसाठी इंदूरजवळच्या सिमरोलकडच्या मोकळ्या कच्च्या वाटेवर नवा प्लग लावून तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, तीन-चारशे मीटर, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद. प्लगचं टोक बघू नका. पोर्सेलिनच्या मुळाशी, आत खोल, तपकिरी कडं दिसायला हवं. मुळाशी पांढरंच असेल तर थांबा, जेट मोठा करा.

इंदूरच्या हवेचा खेळ इथेच. १० अंश आणि ४२ अंश यांत हवेच्या घनतेचा फरक सुमारे दहा टक्के. जानेवारीच्या पहाटे १३० लागला, मे महिन्याच्या दुपारी १२२ वर गाडी मोकळी झाली. मेमध्ये लावलेला जेट डिसेंबरपर्यंत तसाच राहिला तर पिस्टन खातो, म्हणून थंडी पडायच्या आधी जेट वाढवा, नंतर नाही. जानापाव डोंगराची चढण चढताना उंचीने गाडी थोडी रिच होते, त्याने काही बिघडत नाही. उतरताना मात्र थ्रॉटल बंद ठेवून लांबवर येऊ नका. तेल पेट्रोलबरोबरच जातं, मधूनमधून रेस द्या.

आणखी दोन गोष्टी हमखास फसवतात. तेल १:२० केलं की गाडी रिच नाही, लीन होते. त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं. आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या माहितीतल्या आकड्यांपेक्षा एक-दोन पायऱ्या वर धरा. माळव्याची काळी धूळ फोमवर बसली की उलटं: हवा अडते, गाडी रिच होते, आणि माणूस जेट लहान करत सुटतो. फोम धुवा, तेलाचा हात हलका ठेवा, मगच निदान करा.

आठ महिन्यांत स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सपाट पट्टीच्या) पुढच्या कडेला हलकी झीज दिसते आहे, खेळ वाढलेला नाही. फ्लोट नीडलचं रबरी टोक मात्र फुगलं आणि ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकू लागलं, सहाव्या महिन्यात बदलावं लागलं. एक सुटं नीडल टूलकिटमध्ये ठेवलेलं बरं.