टायबेरियस समजून घ्यायचाय: आधी टॅसिटस की स्युटोनियस?

भाचीला रोमन सम्राट टायबेरियसवर (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) निबंध लिहायचाय. टॅसिटस आणि स्युटोनियस या दोन रोमन लेखकांपैकी आधी कोणाला वाचू, म्हणून अडली होती.

काळाचं म्हणाल तर दोघंही सारखेच लांबचे, सम्राट गेल्यावर सुमारे ८० वर्षांनी लिहिणारे.

राज्यकारभार पाहायचा तर टॅसिटस. इ.स. १७च्या भूकंपात आशिया प्रांतातली (आजचा पश्चिम तुर्कस्तान) १२ शहरं कोसळली. त्यातल्या सार्डिसला १ कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) मदत आणि ५ वर्षं करमाफी मिळाली, हे तो नोंदवतो. ३३ साली रोममध्ये कर्जबाजार कोलमडला, तेव्हा सम्राटाने १० कोटी सेस्टर्स ३ वर्षांसाठी बिनव्याजी दिले, हेही त्याच्याचकडे सविस्तर मिळतं. हा माणूस नुसता क्रूर म्हातारा नव्हता, हे मला त्या पानांनी पटवलं. मात्र टॅसिटस सिनेटर, म्हणजे सम्राटांवर नाराज असलेल्या उमराव वर्गातला. कृती सांगतो आणि हळूच वाईट हेतू चिकटवतो. कृती घ्या, हेतू बाजूला ठेवा.

स्युटोनियस वाचायला सोपा, पण विषयवार लिहितो, त्यामुळे सालं हरवतात. टायबेरियस उतारवयात राहिला त्या काप्री बेटावरच्या किळसवाण्या गोष्टींना तर साक्षीदारच नाही. तरी कर वाढवा म्हणणाऱ्या सुभेदारांना ‘चांगला मेंढपाळ मेंढरं कातरतो, सोलत नाही’ हे उत्तर त्यानेच जपलंय.

टायबेरियसचा विश्वासू, अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस याच्या पतनाचा भाग टॅसिटसमध्ये हरवलेला आहे. तिथे स्युटोनियसचे तुकडे लागतातच.

निबंधासाठी, कारकीर्द नव्याने जोखायला टॅसिटस. दोन संध्याकाळीत जन्म ते मृत्यू ओळख हवी असेल तर स्युटोनियस.