इन्फ्लिक्सिमॅबचा डोस ठरवताना ‘मॅपबायआर’ कितपत कामाला येतं?

इन्फ्लिक्सिमॅब हे आतड्याच्या दाहाच्या आजारावर शिरेतून द्यायचं अँटिबॉडी जातीचं औषध. त्याचा छापील डोस सगळ्यांना पाठ असतो: किलोमागे ५ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, मग २ऱ्या आणि ६व्या आठवड्याला, पुढे दर ८ आठवड्यांनी. खरा प्रश्न नंतर उभा राहतो. ट्रफ लेव्हल, म्हणजे पुढच्या इन्फ्युजनच्या लगेच आधी रक्तात उरलेलं औषध, लिटरला १.१ मिलिग्रॅम आली, आता डोस वाढवायचा की दोन इन्फ्युजनमधलं अंतर कमी करायचं? आणि किती? अंदाजाने ठरवलं तर अंदाज बरोबर होता की चूक हे कळायला पुढचे दोन महिने जातात. आतड्याचा आजार तोवर थांबत नाही.

पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक मॉडेल, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं पॉपपीके, नेमकं इथे उपयोगी पडतं. शेकडो रुग्णांच्या लेव्हलवरून औषध शरीरातून साधारण किती वेगाने जातं आणि माणसागणिक त्यात किती फरक पडतो, हे मॉडेलला आधीच माहीत असतं. त्यात एका रुग्णाची लेव्हल घातली की त्या रुग्णाचा स्वतःचा क्लिअरन्स (औषध शरीरातून जाण्याचा वेग) काढता येतो. लुईस शाइनर आणि स्टुअर्ट बील यांनी १९७०च्या दशकाअखेरीस ही बायेसियन (आधीची माहिती आणि नवी लेव्हल एकत्र तोलणारी) वाट घालून दिली. मॅपबायआर हे आर भाषेतलं मोफत, मुक्तस्रोत पॅकेज तेच गणित करतं.

मत आधीच सांगतो. या पॅकेजचं गणित चोख आहे, आतलं सगळं उघडून तपासता येतं आणि शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं साधन क्वचित सापडेल. पण हे डोस सुचवणारं यंत्र नव्हे. मॉडेल कोणतं घालायचं, माहिती कशी भरायची आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचं, हे तिन्ही निर्णय वापरणाऱ्याचेच असतात. बहुतेक चुकाही तिथेच होतात.

मांडणी सोपी आहे. मॉडेल एमआरजीसॉल्व्हच्या (मॉडेल चालवणाऱ्या आरमधल्याच दुसऱ्या पॅकेजच्या) पद्धतीने लिहायचं. मॅपबायआरच्या अटी मोजक्याच: पॅरामीटरच्या यादीत ईटीए१, ईटीए२ अशी नावं शून्य किमतीने द्यायची (ईटीए म्हणजे रुग्ण सरासरीपासून किती वेगळा ते), औषध कुठल्या कंपार्टमेंटमध्ये (शरीराच्या कल्पित कप्प्यात) जातं आणि लेव्हल कुठली मोजली जाते, हे एडीएम आणि ओबीएस या खुणांनी दाखवायचं (शिरेतून दिलेल्या औषधाला दोन्ही खुणा मध्यवर्ती कंपार्टमेंटलाच), आणि सिग्मामध्ये, म्हणजे मॉडेल आणि मोजलेली लेव्हल यांतल्या उरलेल्या चुकीसाठी, दोन आकडे द्यायचे, पहिला प्रपोर्शनल (लेव्हलच्या प्रमाणात वाढणारी चूक), दुसरा अ‍ॅडिटिव्ह (कायम तेवढीच राहणारी). मूळ मॉडेलमध्ये एकच प्रकारची चूक धरलेली असेल तर दुसऱ्या जागी शून्य लिहावं. जागा गाळू नये. मग डोसच्या ओळी, लेव्हलच्या ओळी, कोव्हेरिएट (अल्ब्युमिन, अँटिबॉडी अशी रुग्णाची माहिती) आणि शेवटी अंदाज काढणारं मॅपबायेस्ट हे फंक्शन. प्लॉट काढला की लोकसंख्येची रेषा आणि रुग्णाची रेषा शेजारीशेजारी दिसतात. हिस्ट फंक्शन त्या रुग्णाचा ईटीए लोकसंख्येच्या पसाऱ्यात नेमका कुठे बसतो ते दाखवतं. हे दुसरं चित्र बरेच जण बघतच नाहीत. चूक पकडायला ते पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आता मॉडेल. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारासाठी) फसनमाडे आणि सहकाऱ्यांचं २००९ सालचं मॉडेल खूप वापरलं जातं. ते दोन कंपार्टमेंटचं आहे: क्लिअरन्स दिवसाला ०.४०७ लिटर, मध्यवर्ती आकारमान ३.२९ लिटर, परिघावरचं ४.१३ लिटर, दोघांमधली देवाणघेवाण दिवसाला ७.१४ लिटर. शरीराने औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या असल्यास क्लिअरन्स ४७.१ टक्क्यांनी वाढतो, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असेल तरीही वाढतो. अल्ब्युमिनचा हा संबंध पटण्यासारखा आहे. अल्ब्युमिन आणि मोनोक्लोनल अँटिबॉडी या दोघांना पेशीतल्या नाशापासून वाचवणारा रिसेप्टर एकच, एफसीआरएन. शिवाय सुजलेल्या आतड्यातून दोन्ही गळून जातात.

हे आकडे घालून ३५० मिलिग्रॅम (७० किलोच्या माणसाचा छापील डोस) दर ८ आठवड्यांनी दिले, तर सर्वसाधारण रुग्णाची स्थिरावलेली ट्रफ लिटरला सुमारे २.३ मिलिग्रॅम येते. फक्त क्लिअरन्स ४७.१ टक्क्यांनी वाढवला, बाकी काही बदललं नाही, तर ती ०.५५च्या आसपास उतरते. क्लिअरन्स दीडपट, ट्रफ पाव! लेव्हल एवढी का घसरली, असा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर या घातांकी घसरणीत असतं. ८ आठवड्यांच्या शेवटी क्लिअरन्समधला लहानसा फरकही फार मोठा दिसतो.

डोस की अंतर, या वादाचा निकालही याच मॉडेलमध्ये लागतो. ३५०चे ७०० केले आणि ८ आठवडे कायम ठेवले, तर ट्रफ दुप्पट होऊन ४.७ होते. तेच ३५० मिलिग्रॅम दर ४ आठवड्यांनी दिले, तर ट्रफ १३च्या जवळ जाते. दोन्हीकडे औषध तेवढंच लागतं. त्याहून मोलाची गोष्ट ६ आठवड्यांच्या हिशोबात आहे: ३५० मिलिग्रॅम दर ६ आठवड्यांनी दिले की ट्रफ ५.३ येते, म्हणजे एक तृतीयांश औषध वाढवून दुप्पट डोसपेक्षा जास्त ट्रफ मिळते. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ साली लक्षणं असलेल्या रुग्णासाठी सुचवलेली हद्द ५ आहे. ती ओलांडायला डोस दुप्पट करण्याची गरजच नव्हती. व्हायल १०० मिलिग्रॅमची येते, त्यामुळे शेवटचा हिशोब ३०० किंवा ४०० धरून करावा. ४०० दर ६ आठवड्यांनी म्हणजे ६.०. मॅपबायआर हे आकडे स्वतःहून मांडत नाही. यूज पोस्टिरिअर वापरून रुग्णाचं मॉडेल बनवायचं आणि वेगवेगळे डोस आपणच चालवून बघायचे. इथे एक गोष्ट सहज निसटते. मुद्दाम सांगितलं नाही तर हे फंक्शन ओमेगामध्ये (ईटीएचा पसारा सांगणाऱ्या तक्त्यात) रुग्णाच्या अंदाजातली अनिश्चितता भरत नाही, आणि ईटीए पक्के धरून एकच रेषा देतं. भोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा हवा असेल तर अपडेट ओमेगा हा पर्याय चालू करावा लागतो. एका लेव्हलवरून काढलेला अंदाज पट्ट्याशिवाय कुणाला दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे.

चुका कुठे होतात? सगळ्यात आधी एककात. मॉडेल दिवसात असतं, इन्फ्युजन तासात. २ तासांत ३५० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ४,२०० मिलिग्रॅम असा वेग. तिथे सवयीने १७५ लिहिलं की पॅकेज ते इन्फ्युजन २ दिवस चाललं असं समजतं. वाईट भाग असा की ट्रफवर याचा परिणाम जेमतेम ५-६ टक्के होतो, म्हणून चूक दिसत नाही. इन्फ्युजननंतर लगेच घेतलेला नमुना घातला की मात्र आकडे विस्कटतात, आणि दोष मॉडेलवर येतो.

मग तारखा. नमुना इन्फ्युजनच्या आधी एक आठवडा घेतला आणि ‘ट्रफ’ म्हणून ५६व्या दिवशी नोंदवला, तर काय होतं? वरच्याच रुग्णात ४९व्या दिवशी लेव्हल ३.४ असते. ती ५६व्या दिवसाची धरली की क्लिअरन्स कमी निघतो, आणि ज्याला औषध कमी पडतंय त्याला ‘ठीक आहे’ असा शेरा मिळतो. बायेसियन पद्धतीची खरी सोय हीच की नमुना नेमका ट्रफलाच घ्यावा लागत नाही; कुठल्याही दिवशी घ्या, पण तो दिवस आणि वेळ खरी लिहा. डोसचा सगळा इतिहास मिळाला नाही तर घाबरू नये. या मॉडेलमध्ये शेवटचं अर्धायुष्य जवळपास १३ दिवसांचं आहे, त्यामुळे ८ आठवड्यांच्या वेळापत्रकात शेवटची तीन इन्फ्युजन अचूक असली की काम भागतं. सुरुवातीच्या लोडिंगच्या काळात किंवा दर ४ आठवड्यांच्या डोसला मात्र ही सूट लावू नका.

कोव्हेरिएटचा सापळा जरा खोल आहे. एमआरजीसॉल्व्ह मूळ सेटिंगमध्ये पुढच्या नोंदीची किंमत मागच्या काळाला लावतं. इन्फ्युजनच्या दिवशी मोजलेलं अल्ब्युमिन त्या दिवसापासून पुढे लागू होत नाही. ते आधीच्या नोंदीपासून त्या दिवसापर्यंतच्या काळाला लागतं. स्टेरॉइडनंतर अल्ब्युमिन २.८ वरून ३.९ झालं असेल, तर हा फरक क्लिअरन्समध्ये उतरतो. आणि पुढच्या, अजून न दिलेल्या डोसच्या ओळीतही अल्ब्युमिन भरावंच लागतं. तिथे काय धरायचं याचा विचार करा: आजचं धरून एकदा, सुधारेल असं धरून एकदा, असं दोनदा चालवा. दोन्ही उत्तरं तेवढ्याच व्हायल सांगत असतील तर प्रश्नच मिटला.

लेव्हल मोजता येण्याच्या खाली आली तर शून्य भरू नये, कधीच नाही. खालच्या हद्दीचा निम्मा आकडा भरणं हा जुना तोडगा आहे. ‘हद्दीच्या खाली’ एवढीच माहिती संभाव्यतेत घेणारी एम३ पद्धत जास्त प्रामाणिक. उलट टोकाला, ट्रफ म्हणून ८० आली तर मॉडेल चालवण्याआधी चौकशी करावी. ३५० मिलिग्रॅम ३.२९ लिटरमध्ये पसरले की शिखर १०६ येतं. ८० म्हणजे नमुना इन्फ्युजन सुरू झाल्यावर किंवा त्याच शिरेच्या नळीतून घेतला गेल्याची शक्यता दाट. हिस्टच्या चित्रात असा ईटीए पार काठावर जाऊन बसतो.

औषधाविरुद्धच्या अँटिबॉडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण जिवाला लागणारी चूक इथे होते. अँटिबॉडीची चाचणी दोन जातींची असते. औषध रक्तात असताना एक जात अँटिबॉडी पाहूच शकत नाही, दुसरी पाहू शकते. मॉडेल पहिल्या जातीवर बांधलेलं आणि तुमची प्रयोगशाळा दुसरी वापरत असेल, तर ‘अँटिबॉडी आहे’ या शब्दांचा अर्थच बदलतो. किंचित अँटिबॉडी दिसलेल्या रुग्णाला मॉडेल फुकट ४७ टक्के जास्त क्लिअरन्स चिकटवतं. दुसरीकडे, अँटिबॉडीची पातळी खूप जास्त आणि औषध मोजण्याच्या खाली असेल, तरी पॅकेज निमूटपणे दर ४ आठवड्यांना १,००० मिलिग्रॅमसारखं उत्तर काढून देईल. गणित म्हणून ते बरोबर असेल. उपचार म्हणून नाही. तिथे औषध बदलण्याचा विचार करायचा असतो. तो निर्णय कुठल्याही मॉडेलच्या बाहेरचा आहे.

वापराच्या सोयीत पॅकेज कुठे कमी पडतं ते स्पष्टच सांगायला हवं. रुग्णांची नोंदवही नाही, कुणी कधी काय बदललं याचा माग नाही, डोस शोधून देणारं तयार फंक्शन नाही. त्याच घराण्यातल्या पोसोलॉजिआरमध्ये दिलेल्या ट्रफसाठी अंतर काढणारं आणि दिलेल्या लेव्हलसाठी डोस काढणारं फंक्शन तयार आहे. फक्त अंतराचाच प्रश्न असेल तर ते हाताला सोपं पडतं. मॅपबायआर मला तरी वरचढ वाटतं ते चित्रांमुळे, आणि अनेक मॉडेलं एकत्र तोलून सरासरी काढण्याच्या सोयीमुळे. बायोलॉजिक (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या जैविक) औषधांमध्ये एकाच औषधाची डझनभर मॉडेलं असताना ही सोय खरीच कामाची आहे. प्रायरचं, म्हणजे लोकसंख्येवरून आधीच धरलेल्या अंदाजाचं, वजन कमी करणारा लॅम्डा हाही पर्याय आहे. रुग्ण लोकसंख्येपेक्षा फारच वेगळा आणि लेव्हल तीन-चार तरी असतील, तरच त्याला हात लावावा. एका लेव्हलवर लॅम्डा कमी केला तर प्रयोगशाळेच्या मापनातली चूकच रुग्णाचा क्लिअरन्स म्हणून निघते.

रुग्णावर वापरण्याआधी आपल्याच जुन्या नोंदींवर तपासणी करावी, त्याला पर्याय नाही. ज्यांच्या सलग दोन किंवा अधिक लेव्हल आहेत असे रुग्ण निवडायचे, पहिल्या लेव्हलवरून दुसरीचा अंदाज काढायचा आणि खऱ्या आकड्याशी ताडून बघायचा. सरासरी चूक एकाच दिशेने २० टक्क्यांहून जास्त झुकत असेल तर ते मॉडेल तुमच्या रुग्णांचं नाही, दुसरं शोधा. पहिली लेव्हल मॉडेलमध्ये छान बसते, याला मी काहीच किंमत देत नाही. दोन-तीन ईटीए आणि एक बिंदू असताना ती बसणारच.

या सगळ्याने रुग्णाला फायदा होतो का? पुरावा संमिश्र आहे आणि तसाच सांगितला पाहिजे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन चाचणीत ८० रुग्ण होते. एका वर्षाने मॉडेलच्या आधारे डोस मिळालेल्यांपैकी ८८ टक्के आराम टिकवून होते, नेहमीच्या डोसवरचे ६४ टक्के. त्याआधीच्या टेलॉरिक्स चाचणीत लेव्हल पाहून डोस वाढवण्याने लक्षणांवरून वाढवण्यापेक्षा सरस निकाल दिला नव्हता. प्रिसिजनमधला रुग्णांचा आकडा छोटा आहे, पण तिथे निर्णय मॉडेलने पुढचा अंदाज काढून घेतला जात होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आर येणारा एक माणूस, लेव्हलचा निकाल वेळेत देणारी प्रयोगशाळा आणि तारखा नीट लिहिणारी इन्फ्युजन खोली, हे तिन्ही असेल तर मॅपबायआर जरूर घ्या. यांतलं शेवटचं नसेल तर आधी ते जमवा. त्वचेखाली द्यायच्या १२० मिलिग्रॅम दर २ आठवड्यांच्या इन्फ्लिक्सिमॅबसाठी वरचं मॉडेल तसंच उचलू नका. त्यात शोषणाचा भागच नाही. शोषणाचा वेग आणि रक्तात पोचणारा हिस्सा ज्यात मोजलेला आहे असं वेगळं मॉडेल लागतं, आणि एडीएमची खूण तेव्हा मध्यवर्ती कंपार्टमेंटवरून काढून डेपोवर (औषध टोचलेल्या जागेच्या कप्प्यावर) न्यावी लागते.