डेबियन १२ आणि ब्रॉडकॉमचं वाय-फाय : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो : वाय-फाय चालतं, आणि एकदा बसलं की छान चालतं. मात्र पहिल्या दिवशी अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल हाताशी हवीच.

भाचीच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी उन्हाळ्यात तिच्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. आवाज, टचपॅड, ब्राइटनेस सगळं लगेच चालू. नेटवर्कच्या मेनूत वाय-फाय मात्र दिसेचना. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय -एनएनके' दिल्यावर आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप असल्याचं कळलं. तिच्याखाली वापरातल्या ड्रायव्हरची, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ओळच नव्हती. सुरुवात नेहमी इथूनच करा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं निघतात.

२०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच मिळतं. इंटेलच्या बहुतेक कार्डांचं त्यावर भागतं. या चिपला मात्र 'डब्ल्यूएल' हा अर्धा बंदिस्त (काही कोड उघड नसलेला) ड्रायव्हर लागतो आणि तो डेबियनच्या सॉफ्टवेअर साठ्यातल्या 'नॉन-फ्री' विभागात असतो. नवा 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभाग वेगळा, हे लक्षात घ्या. नेमकं इथेच लोक अडकतात.

फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू केलं की लॅपटॉपला ते वायरचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये 'नॉन-फ्री' जोडायचं, आधी कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली, आणि त्यानंतर 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' हे 'डब्ल्यूएल'चं पॅकेज टाकायचं. हेडर्स नसतील तर पॅकेज बसतं, पण मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर, तयारच होत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर डीकेएमएसची, म्हणजे मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाची, सहीची की 'मोकयुटिल' या आज्ञेने नोंदवायची आणि रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल मोक' निवडायचं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा मला हाच मार्ग पटतो.

त्यानंतर कर्नलचे कितीतरी अपडेट आले. दर वेळी डीकेएमएस मॉड्यूल आपोआप नव्याने बांधतं; अपडेटला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. बॅकपोर्ट्समधला (नव्या आवृत्त्या देणाऱ्या डेबियनच्या वेगळ्या विभागातला) नवा कर्नल मात्र या मशीनवर घेऊ नका. बाहेरचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला जाईलच असं नाही.

वेगाबद्दल तक्रार आहे, पण ती लिनक्सबद्दल नाही. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. आमच्या सिडकोत घराला घर लागून, त्यामुळे संध्याकाळी आजूबाजूचे सगळे राउटर याच पट्ट्यात गर्दी करतात. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. राउटर 'ऑटो'वरून काढून ११ वर ठेवला, तेव्हा भाचीचे व्हिडिओ क्लास अडकायचे थांबले.

एवढा व्याप नको असेल तर एथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल बघा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअरही मुक्त आहे. तोही २.४ गिगाहर्ट्झचाच आहे. मात्र एमजी रोडला किंवा ऑनलाइन घेताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, चिप कोणती ते विचारा आणि बदलून मिळेल का तेही आधी ठरवून घ्या.