टोबरमरी : काचतळाच्या बोटीतून ‘स्वीपस्टेक्स’चे दर्शन

टोरांटोहून सुमारे ३०० किलोमीटरवर, ह्युरॉन सरोवरात शिरलेल्या ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या टोबरमरीला आपली बहुतेक मंडळी जातात ती फ्लॉवरपॉट बेटासाठी. आम्ही या खेपेस मुद्दाम गेलो ते ‘स्वीपस्टेक्स’साठी. काचतळाच्या बोटीच्या सफरीत हे बुडालेले लाकडी जहाज वाटेतला एक थांबा म्हणून दाखवले जाते. माझ्या मते मात्र तिकिटाचे पैसे तेथेच वसूल होतात.

‘स्वीपस्टेक्स’ हे दोन डोलकाठ्यांचे, सुमारे ३६ मीटर लांबीचे मालवाहू स्कूनर (शिडाचे जहाज) १८६७ साली ऑन्टारियोतील बर्लिंग्टन येथे बांधले गेले. ऑगस्ट १८८५ मध्ये, पोटात कोळसा भरलेला असताना, कोव्ह बेटाजवळ त्याला अपघात झाला. त्या बेटावरचे दीपगृह १८५८ पासून तेवत होते, तरीही. दुसऱ्या बोटीने ते ओढत टोबरमरीच्या बिग टब बंदरात आणले, पण दुरुस्ती होण्याआधीच सप्टेंबरमध्ये, किनारा अगदी हाकेच्या अंतरावर असताना, ते तळाला गेले. कोळसा नंतर काढून घेण्यात आला आणि रिकामे जहाज तेथेच राहिले.

ते जेमतेम सहा मीटर पाण्यात आहे, आणि पाणी इतके नितळ की बोट त्यावर सरकू लागताच बाजूच्या फळ्या, डेक आणि नाळेजवळचा नांगर ओढण्याचा रहाट वेगवेगळे ओळखू येतात. समुद्रात लाकूड पोखरून टाकणारा किडा या गोड्या पाण्यात जगत नाही, म्हणून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुताराने बसवलेली फळी आज आपल्याला दिसते. त्या फळ्यांकडे पाहताना मला अक्षरशः भरून आले. मागची बाजू मात्र बरीच ढासळली आहे. १९८७ पासून हा परिसर फॅदम फाइव्ह या राष्ट्रीय सागरी उद्यानात येतो, आणि सांगाडा टिकावा म्हणून पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेने डेकची अनेकदा दुरुस्ती केली आहे. जवळच १९०७ साली आगीत जळालेल्या ‘सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स’ या आगबोटीचेही अवशेष दिसतात.

आता सेवेविषयी. बोट स्वच्छ होती, वेळेवर सुटली आणि खलाशांनी माझ्या सासूबाईंना हात धरून काळजीपूर्वक चढवले-उतरवले. जहाजावरून बोट अत्यंत सावकाश नेली, हेही आवर्जून सांगायला हवे. तक्रार एकच, पण ती गंभीर आहे : ध्वनिक्षेपकावरून जहाजाची माहिती दोन-तीन वाक्यांत उरकण्यात आली आणि इंजिनाच्या आवाजात तीही धड ऐकू आली नाही. कोणता माल, कोणते बंदर, कसा अपघात, हे कळल्याशिवाय पाहणाऱ्याला खाली केवळ जुन्या लाकडांचा ढीग दिसतो. शेजारच्या कुटुंबातील मुले मिनिटभरात कंटाळली, ती याच कारणाने.

जाणाऱ्यांनी सकाळची, वारा पडलेला असतानाची फेरी घ्यावी, कारण लाटा उठल्या की तळ दिसत नाही. काचेपाशी गर्दी करू नये. काचेतून तुकडा तुकडा दिसतो, संपूर्ण जहाज एका नजरेत येते ते उघड्या डेकवर कठड्याशी उभे राहिल्यावरच. उन्हाळ्यातही वर वारा बोचतो, म्हणून ज्येष्ठांसाठी स्वेटर जवळ ठेवावा.