०.०५ की ०.०१? सार्थकता पातळी निवडताना

प्रबंधाचं विश्लेषण करणारे विचारतात, सार्थकता पातळी, म्हणजे पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ज्याखाली आलं की फरक सार्थ मानायचा ती सीमा, ०.०५ ठेवू की ०.०१? ०.०१ जास्त ‘शास्त्रीय’ वाटते, एवढ्यावर मात्र ठरवू नका.

पहिल्या प्रकारची चूक, म्हणजे नसलेला फरक दिसणं. शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाहीच’ हे गृहीतक, खरी असताना ही चूक ०.०५ला शंभरात पाचदा होते, ०.०१ला एकदा. वीस स्वतंत्र चाचण्या केल्यात, तर निदान एक खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता अनुक्रमे ६४ आणि १८ टक्के. इथे ०.०१ सरळ सरस.

पण त्याची किंमत पॉवरमध्ये, म्हणजे असलेला फरक पकडण्याच्या शक्यतेत, मोजावी लागते, आणि नेमकं हेच विसरलं जातं. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) खरा फरक आहे असं धरा. दुतर्फी, म्हणजे दोन्ही दिशांचा फरक तपासणाऱ्या, चाचणीत ८० टक्के पॉवरसाठी ०.०५ला प्रत्येक गटात साधारण ६३ जण लागतात, ०.०१ला ९४. नमुना ६३च ठेवून सीमा कडक केली, तर पॉवर ५९ टक्क्यांवर येते. म्हणजे असलेला फरकही दहापैकी चार वेळा निसटतो.

अर्थ लावण्यात दोन्ही सारखेच. पी-मूल्य ०.०३ आलं म्हणून शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के होत नाही. फरक किती मोठा, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी विश्वास अंतराल, म्हणजे खऱ्या फरकाच्या अंदाजाची खालची-वरची मर्यादा, द्याच.

प्राथमिक शोध, छोटा नमुना, पुढे पुन्हा पडताळणी होणार असेल, तर ०.०५. चाचण्या अनेक किंवा खोट्या निष्कर्षाचं नुकसान मोठं असेल आणि नमुना वाढवता येत असेल, तर ०.०१. निवड मात्र आकडे पाहण्याआधी करा.