जुनी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन कुठे राहायचं: प्रायव्हेट रिसॉर्ट की नॅशनल पार्क?

अमेरिकेत बऱ्याच प्रायव्हेट आरव्ही रिसॉर्टना 10 वर्षांचा नियम असतो, म्हणजे गाडी त्याहून जुनी असली की आधी फोटो मागवतात, पसंत पडली तर जागा नाहीतर नाही. आमची 2004 ची, छत गळत नाही, रंग चकाचक, तरी एका ठिकाणी नुसतं साल ऐकूनच नाही म्हणाले, फार लागलं मनाला. पण जागा मिळाली तर वीज, पाणी, सांडपाण्याचं कनेक्शन सगळं दारात, लहान मुलं असतील तर हे सुख मोठंच. नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडला साल कोणी विचारत नाही, लांबी मात्र बघतात म्हणून बुकिंगआधी गाडी मोजून घ्या, आणि बहुतेक ठिकाणी हूकअप, म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याचं कनेक्शन, नसतं, जनरेटरही ठरलेल्या वेळातच. मी तरी पार्कच निवडते, पाण्याची टाकी भरून न्यायची की झालं.